तळव्यावरचा डाग आणि फार्मसीतले मलम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की नायटा, खरूज आणि चिखल्या यांवरचे घरगुती उपाय वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवर येऊ लागतात. आपल्या दैनिकातही गेल्या पंधरवड्यात असे एक टिपण प्रसिद्ध झाले. अंग कोरडे ठेवण्याचा आणि दुसऱ्याचा टॉवेल न वापरण्याचा त्यातील सल्ला योग्यच होता. मात्र ‘खाज न थांबल्यास फार्मसीतून चांगलेसे मलम आणून लावावे’ हे त्यातील एक वाक्य वाचून मी अस्वस्थ झाले, आणि त्याच कारणाने हे पत्र लिहीत आहे. मी फोंडा परिसरात पंचवीसहून अधिक वर्षे त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे उशिरा पोहोचलेल्या रुग्णांपैकी पुष्कळांच्या पिशवीतून एक गुंडाळत गुंडाळत शेवटपर्यंत पिळलेली ट्यूब निघते, आणि त्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली की पुढचे सहा महिने कसे जाणार हे मला साधारण कळते.

या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधे एकत्र असतात: एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक आणि एक तीव्र स्टिरॉइड. त्यातले स्टिरॉइड दोन दिवसांत खाज आणि लाली कमी करते, म्हणून रुग्णाला गुण आला असे वाटते. प्रत्यक्षात बुरशीला अडवणारी त्वचेची स्वतःची प्रतिकारशक्ती त्याने दाबली जाते आणि बुरशी निर्धास्तपणे पसरत राहते. मलम थांबवले की आठवड्याभरात खाज दुपटीने परतते आणि माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. नायट्याची ओळख म्हणजे त्याची गोल, उठावदार, खवल्यांची कडा. स्टिरॉइड लावलेल्या नायट्याची ती कडाच पुसली जाते, त्यामुळे पुढे तो पाहणाऱ्या डॉक्टरचीही फसगत होते. महिनोन्महिने हे चालले तर जांघेतील कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर गरोदरपणात पोटावर पडतात तसे व्रण पडतात, जे आयुष्यभर जात नाहीत. चेहरा उजळावा म्हणून असेच मलम लावणाऱ्या मुलींच्या गालांवर मुरुमे, लव आणि उन्हात जाताच पेटणारी लाली दिसते. खरुजेवर हे मलम लावले तर किडा तसाच राहतो, खाज तेवढी काही दिवस झाकली जाते आणि तोपर्यंत घरातील सगळ्यांना ती लागलेली असते.

नायटा हा काही आता पूर्वीचा साधा आजार राहिलेला नाही, हेही वाचकांना माहीत असणे आवश्यक आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात ट्रायकोफायटॉन वंशातील एक बुरशी प्रबळ झाली आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी तिला स्वतंत्र जाती मानून ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव दिले. त्या नावात आपल्या देशाचाच उल्लेख आहे, कारण ज्या रुग्णांपासून ती मिळाली ते भारत आणि नेपाळमधील होते. टर्बिनाफिन हे एके काळचे हुकमी औषध ज्या विकरावर काम करते, त्या विकराच्या जनुकातच या बुरशीच्या अनेक वाणांमध्ये बदल झालेला आढळतो. साहजिकच दोन आठवड्यांत बरा होणारा नायटा आता पुष्कळदा दोन-तीन महिने चिवटपणे टिकतो आणि पोटात घेण्याची औषधे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, यकृताचा आणि रुग्णाच्या इतर औषधांचा विचार करून द्यावी लागतात.

उपचाराच्या काही गोष्टी मात्र घरातच सांभाळता येतात. केवळ बुरशीनाशक असलेले मलम डागाच्या कडेबाहेर दोन बोटे रुंदीपर्यंत लावावे आणि डाग दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवावे. घरात ज्यांना खाज आहे त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी सुरू व्हावेत, नाहीतर एकाचा नायटा दुसऱ्याकडून परत येतो. आपल्याकडे आषाढात कपडे वाळत नाहीत, अर्धवट ओली अंतर्वस्त्रे आणि जाड जीन्स तशीच अंगावर चढवली जाते. कपडे गरम पाण्यात वेगळे धुऊन, उलटे करून, शिवणीवर नीट इस्त्री फिरवली तर हा प्रश्न बराचसा सुटतो. कमरेचा काळा करदोटा कित्येक घरांत मुलांच्या अंगावरून उतरत नाही. त्या ओल्या दोऱ्यात बुरशी टिकून राहते, म्हणून उपचार संपेपर्यंत तो काढून ठेवावा अशी मी पालकांना विनंती करते. निदानाविषयी शंका असेल तर डागाची कड किंचित खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता बुरशीचे धागे थोड्याच वेळात दिसतात. ही तपासणी स्वस्त आहे, आणि ती न करता तीन-तीन ट्यूब विकत घेणे महाग पडते.

ज्यांना ट्यूबवरचे वाचता येते त्यांनी एवढेच पाहावे: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे आणि नायट्यावर ते लावायचे नाही. २०१८ साली केंद्र सरकारने औषध नियमांत दुरुस्ती करून १४ स्टिरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, पण काउंटरवर ‘खाजेचे मलम द्या’ एवढे म्हटले की ती ट्यूब आजही पुढे सरकते. फार्मसीचालकांना दोष देऊन मी मोकळी होऊ इच्छित नाही. रुग्ण आग्रह करतो, नाही दिले तर पलीकडच्या दुकानात जातो, आणि आम्ही डॉक्टरही एकदा लिहिलेली चिठ्ठी किती दिवस चालवायची ते स्पष्ट लिहीत नाही. एक मात्र खरे की स्टिरॉइड मलम स्वतः वाईट नव्हे. इसब, सोरायसिस, काजूच्या टरफलातील तेलाने किंवा बिबा उतल्याने सोललेले हात यांवर ते योग्य ताकदीचे, योग्य दिवस दिले तर फार मोलाचे आहे. काजूच्या हंगामात बिया सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची सालपटे मी दरवर्षी पाहते, आणि तेच मलम त्यांना आठवड्याभरात आराम देते. औषध तेच असते. फरक पडतो तो आधी कोणीतरी हात हातात घेऊन नीट पाहिल्याने.

न पाहता लावलेल्या मलमाने याहून गंभीर नुकसान होते ते दोन ठिकाणी. पहिले कुष्ठरोगाचे. फिकट किंवा तांबूस चट्टा, ज्यावर खाज नाही, घाम नाही, आणि कापसाचा बोळा फिरवला तर स्पर्शही कळत नाही, तो नायटा नसतो. अशा चट्ट्यावर महिनोन्महिने मलम चोळत बसलेल्या माणसाच्या हाताची बोटे वाकू लागली की मगच तो येतो. कुष्ठरोगाचे बहुविध औषधोपचार सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात, ते ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होतात, आणि लवकर सुरू केले तर कोणतेही व्यंग राहत नाही. कोडाच्या पांढऱ्या डागावर स्पर्श कळतो आणि तो संसर्गजन्य नसतो, हे या निमित्ताने सांगून ठेवते, कारण या दोहोंची गल्लत करून अजूनही लग्ने मोडली जातात.

दुसरे ठिकाण कर्करोगाचे, आणि त्याविषयी मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे.

काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातील साठीच्या एक आजी कमरेच्या नायट्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचे सारे आयुष्य कुळागरात गेलेले. पाटाचे पाणी वळवणे, सुपाऱ्या वेचणे, खत वाहणे, सगळे अनवाणी. मी नायटा पाहिला, औषध लिहिले आणि त्या गेल्या. सुमारे अकरा महिन्यांनी त्या परत आल्या त्या टाचेसाठी. ‘भोवरी आहे गो बाय, पण आता चपलेला रक्त लागते,’ असे त्या म्हणाल्या. दोन वर्षे त्या ती भोवरी दाढीच्या पात्याने तासत होत्या. मध्ये मुलाने फार्मसीतून भोवरीची पट्टी आणून दिली होती, नंतर एक मलम. मी ओल्या कापसाने टाच पुसली. भोवरीत मधोमध कठीण, पिवळसर गाभा असतो आणि दाबले की तो दुखतो. इथे तसे काही नव्हते. रुपयाच्या नाण्याहून मोठा एक काळा-करडा डाग होता, त्याच्या कडा किनाऱ्यासारख्या वेड्यावाकड्या, एका अंगाला निळसर छटा, आणि तासल्या जागी गुलाबी, ओलसर मांस वर आलेले. जांघेत हात लावला तर गाठ लागली. तपासणीत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, निघाला आणि त्याची जाडी चार मिलिमीटरच्या पुढे गेलेली होती. शस्त्रक्रिया झाली, पण आजींनी त्यानंतर दोनच पावसाळे पाहिले. पहिल्या भेटीत, दवाखान्यात गर्दी होती म्हणून, मी त्यांना चपला काढायला सांगितले नव्हते. तेव्हापासून माझ्याकडे कोणीही कोणत्याही तक्रारीसाठी आले तरी मी दोन्ही पायांचे तळवे पाहते.

गोऱ्या लोकांत मेलॅनोमा मुख्यतः उन्हाने भाजलेल्या पाठीवर किंवा पायावर होतो. आपल्या सावळ्या त्वचेत तो कमी आढळतो हे खरे, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळवे, तळहात आणि नखांखाली होतो, जिथे कोणी पाहत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर ज्या बॉब मार्लीची चित्रे जागोजागी रंगवलेली दिसतात, तो १९८१ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला तो याच रोगाने, आणि त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. या प्रकाराचा उन्हाशी संबंध नाही, त्यामुळे कोणतेही सनस्क्रीन त्याला रोखू शकत नाही. रोखता येते ती दिरंगाई. मेलॅनोमाचे भवितव्य प्रामुख्याने त्याच्या जाडीवर ठरते: एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा असताना भोवतालच्या साधारण एक सेंटिमीटर निरोगी कातडीसह तो काढला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि चार मिलिमीटरच्या पुढे गेला की तो लसिकाग्रंथींत व दूरच्या अवयवांत गेलेला असण्याची भीती फार वाढते. पात्याने तासण्याने हा रोग होत नाही. पण त्यामुळे डागाचे रूप बदलते, खरी जाडी मोजता येत नाही आणि निदानाचे महत्त्वाचे महिने निघून जातात.

तळव्यावर तीळ असणे ही काही घाबरण्याची गोष्ट नाही. कित्येक निरोगी लोकांना तो असतो. तळव्याच्या कातडीवर अंगठ्याच्या ठशाप्रमाणे समांतर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये बारीक चऱ्या असतात. डर्मोस्कोप या छोट्या, दिव्याच्या भिंगातून पाहिले तर साध्या तिळाचा रंग बहुधा चऱ्यांमध्ये बसलेला दिसतो आणि मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवरून वाहतो. दोन मिनिटांच्या या पाहणीने बरीचशी शंका मिटते. घरी पाहताना डागाचे दोन अर्ध सारखे आहेत का, कडा स्पष्ट आहेत का, रंग एकच आहे की काळा-तपकिरी-निळा मिसळलेला आहे, रुंदी सहा-सात मिलिमीटरच्या पुढे जाते का आणि गेल्या काही महिन्यांत तो बदलला का, हे पाहावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. डागाशेजारी नाणे ठेवून मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर बदल झाला की नाही हे स्मरणावर अवलंबून राहत नाही. एकाच नखावर काळी उभी रेघ उमटली, ती रुंदावत गेली आणि तिचा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर ‘दारात बोट चेपले असेल’ असे म्हणून थांबू नये. चेपल्याचे काळे रक्त नखाबरोबर पुढे सरकते, ही रेघ सरकत नाही.

तळवे पाहण्याची सवय गोव्यात दुहेरी उपयोगी पडेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के, आपल्याच राज्यात आढळले. मधुमेह्याने रोज पाय पाहायचे असतात हे आपण ऐकतो; त्याच वेळी भेगा आणि जखमांबरोबर डागही पाहिले गेले तर वेगळे कष्ट पडत नाहीत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा नातवाला बोलवावे.

आपल्या लोकांत आढळणारा दुसरा कर्करोग जुन्या जखमांत आणि भाजल्याच्या व्रणांत होतो. लहानपणी काजूच्या भट्टीवर पाय भाजलेला माणूस पन्नाशीत त्याच व्रणावर न भरणारी जखम घेऊन येतो. मधे चाळीसेक वर्षे गेलेली असतात, म्हणून दोहोंचा संबंध त्याच्या लक्षात येत नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतर कमरेला वर्षानुवर्षे करकचून बांधल्याने होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले, आणि साडीच्या किंवा परकराच्या नाडीखाली तसाच कर्करोग झालेल्या स्त्रियांची वर्णने नंतर प्रसिद्ध झाली आहेत. नाडीखालची कातडी आधी काळवंडते, जाड होते, खवले धरते, चिरते आणि मग तिथे जखम राहते. त्या खवल्यांनाही नायटा समजून मलम लावले जाते. रुंद पट्टीचा परकर वापरणे आणि गाठीची जागा बदलणे हा उपाय एवढा साधा आहे की तो सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितला पाहिजे. चार ते सहा आठवडे उलटूनही न भरणारी, कडा कठीण झालेली, हात लागताच रक्त येणारी कोणतीही जखम ड्रेसिंग करत न बसता तिच्या कडेचा तुकडा काढून तपासलीच पाहिजे. नाक, पापणी किंवा गालावर हळूहळू वाढणारा, काळा, चकचकीत, मधे खचलेला पुटकुळीवजा डाग हा तिसरा प्रकार असू शकतो. तो शरीरात क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी नाक-डोळा खात जातो.

तुकडा काढण्याची गोष्ट निघाली की ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ असे मला दर आठवड्याला ऐकावे लागते. त्वचेच्या कर्करोगाबाबत हे खरे नाही. ही समजूत बहुधा अशी रुजली असावी की रोग आधीच पसरलेला असताना शस्त्रक्रिया होते, रुग्ण दगावतो, आणि दोष सुरीवर येतो. याउलट जी गोष्ट खरोखर घातक आहे तिची कोणाला भीती वाटत नाही: चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, तिळावर चुना आणि सोडा लावून तो जाळणे, सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात तो विजेच्या सुईने उडवणे. जाळलेल्या तिळाचे नाव नंतर कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांनी काढलेली गाठही विकृतिशास्त्राच्या तपासणीला गेली का, हे रुग्णाने विचारावे आणि अहवालाची प्रत स्वतःकडे ठेवावी.

सनस्क्रीनविषयी मला वारंवार विचारले जाते. वर्णहीनता (जन्मतः त्वचेत रंगद्रव्याचा अभाव) असलेल्या मुलांना ते आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लहानपणापासून हवेत, कारण त्यांना उन्हाने होणारे कर्करोग तरुणपणीच होतात. कोड, ल्युपस किंवा उन्हाची अॅलर्जी असलेल्यांनाही ते हवे. शेतात आणि होडीवर काम करणाऱ्या बाकीच्यांना मी रुंद काठाची टोपी आणि सुती पूर्ण बाह्या एवढेच सुचवते.

आता माझ्या दोन मागण्या. तालुक्यांच्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून किमान एक दिवस त्वचारोगतज्ज्ञ बसावा, आणि जिथे ते शक्य नाही तिथल्या डॉक्टरांना डर्मोस्कोपमधून काढलेला फोटो मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाला पाठवण्याची सोय असावी. सत्तरी, सांगे, काणकोणच्या शेतकऱ्याने एक डाग दाखवण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाची बस पकडावी ही अपेक्षा व्यवहार्य नाही, आणि म्हणूनच तो फार्मसीत जातो. दुसरी मागणी औषध विक्रीवर देखरेख करणाऱ्यांकडे: २०१८च्या नियमाची अंमलबजावणी स्टिरॉइडमिश्रित मलमांपुरती तरी, निदान पावसाळ्याच्या चार महिन्यांत, काटेकोरपणे व्हावी.

आपणांसही एक विनंती. ते टिपण पुढील वर्षी पुन्हा छापणार असाल तर मलमाचे वाक्य काढून तिथे वर दिलेली चार स्टिरॉइडांची नावे छापावीत. हे पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी त्यातील काही गाळावे लागल्यास खुशाल गाळावे, पण टाचेचा आणि तळव्याचा मजकूर कृपया ठेवावा.

आपली नम्र,
एक त्वचारोगतज्ज्ञ
फोंडा, गोवा